सासूबाईंनी माझ्या नावाने बोललेला नवस मी कसा फेडावा?

पालखीमार्गावरची सून

नमस्कार. आमचे गाव फलटण तालुक्यात, माऊलींच्या पालखीमार्गाला लागून आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली पालखी साधारण आठवड्याने नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. त्या दिवशी सासूबाई पहाटे तीनला उठून वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी करतात, आणि लग्न होऊन आल्यापासून मीही त्यांच्या शेजारी बसून भाकऱ्या थापते. कोरोनामुळे पायी वारी झाली नाही ती दोन वर्षे सोडली, तर या सव्वीस वर्षांत एकदाच, २०२३ साली, मी चुलीपुढे नव्हते. त्या वर्षी पालखी दारावरून गेली तेव्हा मी पुण्यातल्या रुग्णालयात होते. दुसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या आणि ताप उतरत नव्हता.

मला डाव्या स्तनाचा कॅन्सर होता. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे केमो, पंधरा दिवसांचे रेडिएशन आणि आता रोज लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची एक गोळी असे माझे उपचार झाले. ते संपून अडीच वर्षे झाली असून तपासण्या आजवर चांगल्या आल्या आहेत. गावाच्या दृष्टीने मी 'त्यातून उठले'. माझ्या दृष्टीने सांगायचे तर डावा हात संध्याकाळी सुजतो आणि सकाळी उठल्यावर गुडघे व बोटे आखडलेली असतात. शेवटच्या बारा केमोंनी पायांच्या तळव्यांना जो बधिरपणा आणला, तो पूर्ण गेलेला नाही. अंगणात खडा रुतला तरी कधीकधी मला कळत नाही.

आता मूळ गोष्ट. त्या तापाच्या रात्री सासूबाई रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होत्या. तिथे त्यांनी विठ्ठलाला नवस बोलला की सून उठून घरी आली, तर तिच्या डोक्यावर तुळस देऊन तिला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अनवाणी चालवत नेईन. हे मला पुढे चार महिन्यांनी कळले, तेही शेजारणीकडून, कारण तोवर अर्ध्या गावाला ते ठाऊक होते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी समजून घेतले. दुसऱ्या वर्षी 'यंदा राहू द्या' असे ह्यांनी सांगितले. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे, आणि सासूबाईंनी पाडव्यालाच एका दिंडीत आम्हा दोघींची नावे सांगून ठेवली आहेत. त्यांचे वय ७६ आहे. 'माझे पाय चालताहेत तोवर हे होऊ दे,' एवढेच त्या म्हणतात, आणि त्या म्हणण्यात रागाचा लवलेश नसल्यामुळे मला उत्तर देता येत नाही.

त्यातच मुलीला स्थळे येऊ लागली आहेत. मोठ्या जाऊबाईंचे म्हणणे असे की नवस एकदा फेडला म्हणजे पाहुण्यांना सांगता येईल की ते सगळे संपले. तो आजार मुलीच्या वाटेत कसा येतो हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

एक गोष्ट घरात कोणालाही सांगितलेली नाही, ती इथे सांगते. मी शिकलेली आहे, पंधरा वर्षे सोसायटीच्या कचेरीत हिशेब लिहिले आहेत, आणि नवसाने पेशी बऱ्या होत नाहीत हे मला समजते. पण दर वर्षी मॅमोग्राफीच्या आधीचे आठ दिवस हे समजणे कुठे जाते, ते कळत नाही. गावात एका बाईने 'देवाचं देणं राहिलं की परत दारात येतं' असे बोलून दाखवले होते. ते वाक्य त्या आठ दिवसांत रोज रात्री माझ्या उशाशी येऊन बसते.

म्हणून विचारते. माझ्यासारख्या शरीराने कोणी पायी वारी केली आहे का? दुसऱ्याने माझ्या नावाने बोललेला नवस माझ्यावर किती बांधील असतो? आणि ज्या बाईने सहा महिने माझ्या ओकाऱ्यांची भांडी धुतली, तिला 'तुमचा नवस मला जमणार नाही' हे कोणत्या तोंडाने सांगू?

गोदाकाठ

ताई, मला हाच आजार २०१५ साली झाला, माझीही काख पूर्ण साफ केली होती, आणि मी नाशिकला शाळेत शिकवत असल्यामुळे सुजलेल्या हाताने फळ्यावर लिहिण्याचा अनुभव चांगला घेतला आहे. तेव्हा आधी शरीराबद्दल लिहिते.

तुमच्या नवसात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: चालणे, अनवाणी असणे आणि डोक्यावर तुळस घेणे. घरात भांडण बहुधा 'वारी करायची की नाही' असे होत असेल, पण माझ्या मते या तिन्ही गोष्टी सोडवून वेगवेगळ्या पाहिल्या पाहिजेत. चालणे तुमच्या हिताचे आहे. लेट्रोझोलने जे सांधे आखडतात त्यांना नियमित चालण्याने आराम पडतो, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि माझ्या डॉक्टरांनीही आवर्जून सांगितले होते. या गोळीने हाडे विरळ होतात, त्यासाठीही चालणे चांगलेच. फक्त हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या, कारण चिखलात पाय घसरून मनगट मोडणे आपल्याला परवडत नाही.

अनवाणी चालण्याला मात्र मी ठाम नाही म्हणेन. तळवे बधिर असताना तापलेल्या डांबरावर फोड आला किंवा काच रुतली तर ते तुम्हाला संध्याकाळी रक्त पाहूनच कळेल. मधुमेही माणसाला जी सूचना देतात तीच आपल्याला लागू आहे: पायात बंद बूट, सुती मोजे, आणि रात्री आरसा धरून दोन्ही तळवे पाहायचे.

तुळशीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचांत एकीच्या हाताला सूज येते आणि ती एकदा आली की आयुष्यभर सांभाळावी लागते. पूर्वी अशा हाताने काहीही उचलू नका असे सांगत. आता तसे मानत नाहीत. हळूहळू वाढवलेल्या वजनाने सूज वाढत नाही असे दिसून आले आहे. पण 'हळूहळू' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. पितळी वृंदावन डोक्यावर घेऊन, ते सावरायला डावा हात तासन्‌तास वर धरून, तेही उन्हात, पहिल्याच दिवशी पंधरा-वीस किलोमीटर चालणे म्हणजे हळूहळू नव्हे. दाबपट्टीची बाही वापरत नसाल तर फिजिओथेरपिस्टकडून मापाची करून घ्या. त्या हाताला ओरखडा, किडा चावणे, घट्ट बांगडी हे सगळे टाळा. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर 'मुक्कामाला पोचल्यावर पाहू' असे न म्हणता त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

बांगडीवरून आठवले. उपचारांनंतरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले असता एका यजमानीण बाईंनी माझा रिकामा डावा हात पाहून सगळ्यांसमोर 'अगंबाई, असा मोकळा हात?' असे विचारले होते. तेव्हा मी रडत घरी आले. पुढच्या वर्षी घरचे हळदीकुंकू मीच केले आणि आलेल्या पंचवीस बायकांना वाण म्हणून तिळगुळाबरोबर स्वतःची तपासणी कशी करावी हे सांगणारे पत्रक दिले. नवऱ्याला ते मुळीच आवडले नव्हते. त्यातल्या एकीने दोन वर्षांनी फोन केला, तेवढे मला पुरले.

स्पष्टवक्ता

एवढा विचार कशाला करता? नवस ही अंधश्रद्धा आहे. औषधांनी बऱ्या झालात, देवाने नाही. सासूबाईंना एकदा स्वच्छ शब्दांत नाही म्हणा, चार दिवस घरात अबोला राहील, मग विषय संपेल. दर वर्षी कारणे देत बसण्यापेक्षा हे बरे.

पालखीमार्गावरची सून

गोदाकाठ ताई, तुमचे उत्तर मी दोनदा वाचले. तीन गोष्टी सोडवून पाहण्याचे मला सुचलेच नव्हते.

स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा समजतो. पण औषधांनी मी बरी झाले तेव्हा दर एकवीस दिवसांनी, आणि पुढे दर आठवड्याला, मला पुण्याला नेणारी एसटी पकडून देणारे आणि माझ्या मागे दोन म्हशी सांभाळणारे कोणी तरी होते. त्या माणसाच्या मनातला देव मी एका वाक्यात खोडून काढू शकत नाही, आणि खोडावा असे मला वाटतही नाही.

दिंडीतला मागचा

रामकृष्णहरी, माऊली. मी अठ्ठावीस वर्षे वारी करतो आणि त्यातल्या मागच्या काही वाऱ्या पोटावर पिशवी लावून केल्या आहेत, म्हणून दोन शब्द लिहायचा अधिकार आहे असे समजतो.

२०१६ साली मला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि शौचाचा मार्ग कायमचा पोटावर काढला गेला. उपचारांच्या काळात आम्ही नवरा-बायको दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे प्रत्येक खोलीत कोणाचा ना कोणाचा हाच आजार असल्यामुळे कोणाला काही लपवावे लागत नसे. गावी आल्यावर लपवणे सुरू झाले. शस्त्रक्रियेच्या सकाळी गळ्यातली तुळशीची माळ काढून ठेवा असे परिचारिकेने सांगितले तेव्हा मला मरणापेक्षा जास्त भीती वाटली होती, कारण माळ घातल्यापासून ती कधी उतरवली नव्हती. शेवटी त्या मुलीनेच ती स्वच्छ कापडात गुंडाळून माझ्या बायकोच्या हातात दिली आणि शुद्धीवर आल्यावर मी आधी माळ घातली, मग पाणी मागितले. पाणी अर्थातच मिळाले नाही.

गावी आल्यावर प्रश्न पडला तो सोवळ्याचा. ज्याच्या अंगावर चोवीस तास मळ बांधलेला आहे त्याने कीर्तनात उभे राहावे का, गाभाऱ्यापर्यंत जावे का? वर्षभर मी गेलो नाही. मग एकदा धीर करून आमच्या दिंडीतल्या वयोवृद्ध वीणेकऱ्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले, पिशवीही दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'प्रत्येकाच्या पोटात तेच आहे, तुझं बाहेर दिसतंय इतकंच. मागच्या रांगेत उभा राहा, पण टाळ चुकवू नकोस.' तेव्हापासून मी मागच्या रांगेत आहे. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी पोटावरच्या मार्गातून पाणी घालून आतडे धुण्याची पद्धत शिकवली. ते सकाळी नीट केले की बहुतेक सबंध दिवस पिशवी रिकामी राहते. वारीत त्यासाठी पहाटे अडीचला उठावे लागते, कारण त्यानंतर टँकरपाशी रांग लागते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. वारी हा नेम आहे, नवस नव्हे. आमच्या संप्रदायात माळ घालून वर्षाची वारी पत्करतात. ती देवाशी केलेली देवघेव नसते आणि तिच्यात 'हे दिलेस तर ते देईन' अशी अट नसते. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो, असे तुकोबांनी रोखठोक विचारले आहे. तुमच्या सासूबाई चाळीसेक वर्षे वारकऱ्यांना जेवू घालत असतील तर त्यांच्या कानावरून हा अभंग गेला असणारच. तरीही त्यांनी नवस बोलला, आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. मी ऑपरेशनच्या खोलीत असताना माझ्या बायकोनेही बोलला होता. माळकरी बाई, पण भीतीच्या वेळी संप्रदाय आठवत नाही.

अनवाणी चालण्याचा वारीत कोणताही नियम नाही. ऐंशी टक्के दिंडी चपला-बुटांत असते, आकडा माझ्या नजरेचा आहे. तुळशीचे म्हणाल तर आमच्या दिंडीत तुळस एकीच्या डोक्यावर फार वेळ राहत नाही. ती चालता चालता दुसरीच्या डोक्यावर जाते. नवी बाई आली की दहा पावलांसाठी का होईना, तिच्या डोक्यावर देतात. ती पूर्ण वाट तुम्हीच वाहिली पाहिजे असे तुळसही म्हणणार नाही.

आणि सबंध वाट चालायलाच हवी असे म्हणाल, तर अरणच्या सावता माळ्यांची आठवण सासूबाईंना करून द्या. सावता महाराज आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत अशी परंपरा सांगते. कांदा-मुळा-भाजीतच त्यांना विठाई दिसली आणि देवच त्यांच्याकडे आला. तुम्ही पालखीमार्गावर राहता, म्हणजे तुमच्याकडे तर माऊली दर वर्षी दारात येतात.

माझी सूचना ऐका. तुमच्या घराजवळचाच लोणंद ते तरडगाव हा टप्पा सगळ्यांत छोट्या टप्प्यांपैकी आहे. वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. तेवढा टप्पा सासूबाईंचा हात धरून चाला. रिंगणाच्या वेळी गर्दी फार दाटते, तेव्हा अश्व पाहायचा मोह आवरून डावा हात आतल्या बाजूला ठेवून कडेला उभ्या राहा. पुढे शक्ती असेल तर वाखरीला गाडीने जाऊन तिथून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा पायी करा. सगळ्या पालख्या वाखरीला एकत्र येतात, ते एकदा पाहण्यासारखे आहे. सुरुवात आणि शेवट तुमच्या पायांनी होईल, मधली वाट आम्ही चालतोच आहोत.

सावंतवाडीकर

आमच्या सिंधुदुर्गात अशा अडचणीसाठी रीतच आहे. बोललेला नवस बोलल्याप्रमाणे फेडता येत नसेल तर ग्रामदेवतेपुढे जाऊन गाऱ्हाणे घालतात आणि कौल लावतात. माझ्या काकूंना थायरॉइडच्या कॅन्सरच्या वेळी त्यांच्या आईने देवीच्या जत्रेत लोटांगण घालण्याचा नवस बोलला होता. मानेवरच्या शस्त्रक्रियेनंतर ते शक्य नव्हते. गुरवांनी 'लेकराच्यान होणा नाय, त्येच्या बदल्यात ओटी आणि जेवण मान्य करून घे' असे गाऱ्हाणे घातले, मूर्तीला फुले लावली, उजवे फूल पडले आणि विषय तिथे मिटला. पुन्हा कोणी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, कारण देवीनेच मान्य केले होते. घाटावर कौलाची पद्धत नसेल, पण देवाकडे बदली मागता येते ही समजूत आपल्या लोकांत सगळीकडे आहे, तिचा उपयोग करा. गावातल्या ज्या बाईने 'परत दारात येतं' म्हटले, तिच्यासाठीसुद्धा हेच उत्तर चालते.

बार्शीची आजी

मी सहसा फक्त वाचते, लिहीत नाही. पण यातली सासू मी आहे, म्हणजे तशी सासू मी आहे, म्हणून लिहिते.

माझ्या सुनेला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. इथल्याच नर्गिस दत्त रुग्णालयात तिला विजेचे शेक दिले. लेकरू चौतीस वर्षांचे होते आणि नातू बालवाडीत जात होता. घरात प्रत्येकाला काम होते. मुलगा कागदपत्रे आणि पैशांमागे धावत होता, डॉक्टर औषध देत होते, विहीणबाई डबा करत होत्या, आणि मला मात्र कोणी काही करू देत नव्हते, कारण माझ्या हाताला कंप आहे. रात्रभर बाकावर बसून मी काय करणार? माझ्याकडे होते तेवढे मी केले: तुळजाभवानीला बोलले की सून दंडवत घालत पायऱ्या उतरून तुझ्या दारात येईल. आज विचार करते तर माझ्या लक्षात येते की मी माझे काही देऊ केले नाही, तिचे अंग देऊ केले. त्या वेळी ते कळले नव्हते. देवाला आपले सगळ्यांत मोलाचे द्यायचे असते, आणि त्या रात्री माझ्या घरात सगळ्यांत मोलाची तीच होती.

शेकांमुळे तिला पुढे आतड्याचा आणि लघवीचा त्रास राहिला. दोन वर्षे ती काही बोलली नाही. मुलाने येऊन सांगितले, 'आई, डॉक्टर नको म्हणतात.' मी म्हटले, डॉक्टरांना देवीचे काय कळते, आणि तीन महिने त्या दोघांशी नीट बोलले नाही. मग एक दिवस ती स्वतः माझ्याजवळ येऊन बसली आणि दिवसातून तिला किती वेळा उठावे लागते, लांबच्या प्रवासात ती जेवत का नाही, लग्नकार्यात मागच्या दाराशी का बसते, हे सगळे तिने सांगितले. एका घरात राहून मला यातले काही ठाऊक नव्हते. मला त्या दिवशी वाईट वाटले ते नवसाचे नव्हे, तिने एवढे दिवस मला परकी ठेवल्याचे.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी तुळजापूरला गेलो. माझे गुडघे दंडवताचे नाहीत, म्हणून प्रत्येक पायरीला हात लावून मी नमस्कार केला आणि ती माझी पिशवी धरून बरोबर चालली. 'बोलले मी होते, चुकते मी करते,' असे देवीला सांगितले. तेवढे पुरले की नाही ते देवी जाणे. सून आज शिवणाचे वर्ग घेते.

तेव्हा बाळा, नवऱ्याच्या तोंडून निरोप पाठवू नकोस. डॉक्टरांची चिठ्ठीही दाखवू नकोस. तुझा पाय दाखव.

पालखीमार्गावरची सून

आठ दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार मानायचे आहेत, पण आधी काय झाले ते सांगते.

आजींचे उत्तर वाचले त्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर ज्वारी निवडत बसलो होतो. मी सूप बाजूला ठेवले आणि दोन्ही पाय सासूबाईंपुढे लांब केले. सुनेने सासूकडे पाय करून बसणे आमच्याकडे बरे दिसत नाही, त्यामुळे त्या आधी दचकल्या. मी म्हटले, 'आत्या, डोळे मिटते, तुम्ही तळव्याला कुठेही टोचा आणि विचारा.' त्यांनी नखाने टोचले. मला कळले नाही. त्यांनी पुन्हा टोचले, मग केसातला आकडा काढून त्याच्या टोकाने टोचले, आणि 'कुठं?' असे विचारले. मी टाच म्हटले. त्यांनी अंगठ्यापाशी टोचले होते. डोळे उघडले तेव्हा त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला होता.

'मला कुणी सांगितलंच न्हाई,' त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, 'तरीच गेल्या पावसात उंबऱ्याला अंगठा फुटला तरी तू तशीच चालत व्हतीस.' मी बाही काढून हातही दाखवला. सुजलेल्या जागी बोट दाबले की खळगा पडतो आणि तो लगेच भरत नाही, हे त्यांनी पुन्हापुन्हा दाबून पाहिले. त्या रात्री मॅमोग्राफीच्या आधीच्या आठ दिवसांबद्दलही मी त्यांना सांगून टाकले. तेव्हा कळले की त्या आठ दिवसांत त्याही झोपत नाहीत, आणि नवस लवकर फेडण्याची त्यांची घाई त्याच्याचसाठी होती. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी जाग्या राहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दिंडीतल्या काकांची सूचना त्यांना वाचून दाखवली. लोणंद ते तरडगावचा टप्पा त्यांना पसंत पडला. वाखरीचे पुढे पाहू म्हणाल्या. सावता महाराजांचे नाव काढताच 'मला शिकवतीस व्हय?' असे म्हणून हसल्या, पण संध्याकाळी शेजारणीला तीच गोष्ट अगदी स्वतःची असल्यासारखी सांगताना मी ऐकले. तुळस लोणंदच्या वेशीपाशी माझ्या डोक्यावर द्यायची आणि पुढे दिंडीतल्या बायकांनी घ्यायची असे ठरले आहे. पितळी वृंदावन घरी राहील, कुंडीतले छोटे रोप नेऊ. पुण्याच्या डॉक्टरांना मी फोनवर विचारले. बूट, बाही आणि हाडांची तपासणी या अटींवर त्यांची हरकत नाही. रोज सकाळी ओढ्यापर्यंत चालायला सुरुवात केली आहे, आज चौथा दिवस.

अडचण नवीनच उभी राहिली आहे. आमच्या सासूबाईंनी अनवाणीचा भाग सोडायला साफ नकार दिला. बार्शीच्या आजींचे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले, ती माझीच चूक. 'बोलले मी, तर अनवाणी मी चालते,' असे त्यांनी जाहीर केले असून ७६ वर्षांच्या बाईला डांबरावर बिनचपलेची कशी चालू द्यायची, यावर आता घरात नवा वाद आहे. काल रात्री ह्यांनी मध्यस्थी केली: चांदोबाच्या लिंबापाशी रिंगणाच्या मातीत तेवढ्या वेळापुरते पाय मोकळे करायचे, बाकी वाट बुटांत. त्यावर त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण फलटणच्या दुकानात बूट पाहायला मात्र त्या माझ्याबरोबर आल्या.

तिथे आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे वळलेला आहे आणि त्याच्या सांध्याला मोठे हाड वर आले आहे, त्यामुळे कोणताच बंद बूट पायात बसत नाही. पुढच्या बाजूला रुंद असलेले, वजनाला हलके आणि चिखलात न घसरणारे बायकांचे बूट पुणे किंवा साताऱ्यात कुठे मिळतात, हे कोणाला माहीत असेल तर कृपया लिहावे. माप सहा आहे.